चौथं बोट

तीन बोटांचा सुतारपक्षी आधी माझ्या मुलीला दिसला, मला नाही. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. रेडमंडहून पाच तास गाडी चालवून आम्ही दोघी ओकॅनोगनच्या डोंगरात गेलो होतो. तिथून कॅनडाची हद्द फार लांब नाही. नवरा आला नव्हता, त्याला पक्ष्यांपेक्षा शनिवारची झोप प्रिय. दोन दिवस आम्ही स्प्रूसच्या, म्हणजे उंच सूचिपर्णी झाडांच्या, काळोख्या रानात माना वर करून फिरलो. डासांनी कानामागची जागासुद्धा सोडली नाही.

बहुतेक सुतारपक्ष्यांना पायाला चार बोटं असतात, याला तीनच. नराच्या डोक्यावर पिवळी टोपी असते. हा फारसा ठोकाठोक करत नाही. खोडाला चिकटून सालीचे ढलपे काढत तास-तास एकाच झाडावर बसतो. माणूस चार पावलांवरून निघून गेला तरी जागचा हलत नाही, म्हणून तर दिसत नाही.

"आई, स्टॉप. डोन्ट मूव्ह."

"कुठे?"

"युअर लेफ्ट. त्या तुटलेल्या झाडावर."

शेंडा मोडलेल्या एका स्प्रूसवर तो बसला होता. मी कॅमेरा उचलेपर्यंत हात इतके थरथरायला लागले की सगळे फोटो हलले. मुलगी मात्र ओल्या शेवाळ्यात मांडी घालून बसली आणि वहीत चित्र काढायला लागली. पिवळी टोपी, पाठीवरच्या आडव्या रेघा, कुशीवरच्या रेघा, आणि पाय. पायाची बोटं तिने दुर्बिणीतून तीनदा मोजली, शेजारी इंग्रजी तीनचा आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. परतीच्या वाटेवर ती इतकं बोलली की मला गाडीत गाणी लावावी लागली नाहीत.

आमच्या भागात मराठी मंडळींचा पक्षी बघणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. पंधरा-वीस जण, बहुतेक सॉफ्टवेअरमधले. त्यांत सगळ्यात वडीलधारे म्हणजे एक काका, मूळ पुण्याचे. निवृत्त इंजिनीयर, इकडे येऊन तीस-पस्तीस वर्षं झालेली. कुणाला काही वेगळं दिसलं की ते काकांना दाखवायचं. काका हो म्हणाले तर तो पक्षी दिसला, नाही म्हणाले तर दिसला नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण चालायचं तसंच.

महिन्यातून एकदा त्यांच्या घरी सगळे जमायचे, प्रत्येकजण एकेक पदार्थ घेऊन. जेवणं झाली की टीव्हीवर फोटो. त्या रविवारी मी मुलीला मुद्दाम बरोबर नेलं. तिने वही छातीशी धरली होती. माझे हललेले फोटो टीव्हीवर आले तसे काका खुर्चीत मागे रेलले.

"अगं, हा हेअरी आहे," ते म्हणाले. हेअरी म्हणजे आमच्याकडचा अगदी साधा सुतारपक्षी, कुणाच्याही परसात दिसतो.

"काका, टोपी पिवळी होती. हिने चित्र काढलंय."

त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली आणि हसले. वाईट हसले असं म्हणता येणार नाही. कौतुकानेच हसले, आणि तेच जास्त लागलं. "वा! मुलांची इमॅजिनेशन काय छान असते बघा. बेटा, यू काउंटेड थ्री बिकॉज यू वॉन्टेड थ्री. नेक्स्ट टाइम काउंट अगेन, हं?"

सगळे हसले. वही हातोहात फिरली आणि कुणाच्या तरी वाटीतला रस्सा तिच्या कोपऱ्याला लागला. मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो काका, हेअरी असेलही."

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "तुमची नेमकी जागा सांग बरं. नोंद राहू दे आपल्याकडे." मी सगळं सांगितलं. कुठल्या कच्च्या रस्त्याने वर जायचं, कुठला ओढा ओलांडायचा, मोडक्या शेंड्याचं झाड कुठे. तीन आठवड्यांनी ग्रुपवर काकांचा फोटो आला. स्वच्छ, टोकदार, मोठ्या लेन्सचा. पिवळी टोपी, खोडाला धरलेली तीन बोटं. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'अनेक वर्षांच्या शोधानंतर अखेर सापडला!' झाड तेच होतं. मोडलेला शेंडाही फोटोत आला होता.

पंधरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. मग फोन उशीवर आपटला.

"सोडून दे ना यार," नवरा म्हणाला. "एका चिमणीवरून काय?"

मी सोडलं नाही. मुलीने दुर्बीण टेबलाच्या खालच्या खणात ठेवली ती पुन्हा काढली नाही. "चल ना, रविवारी जवळच जाऊ," असं मी म्हटलं की, "आय हॅव होमवर्क, आई." सुट्टीतही होमवर्क. हे सगळं काकांच्या खात्यावर जमा आहे, असं मी ठरवून टाकलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी जो अभ्यास केला तो कॉलेजातही केला नव्हता. ऑफिसच्या बसमध्ये कानात सुतारपक्ष्यांचे आवाज ऐकायचे, कुठला किती भरभर ठोकतो आणि शेवटी कसा मंदावतो ते. जेवणाच्या सुट्टीत पिसांचे फोटो बघायचे. मी टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधणं हीच माझी नोकरी, आणि मला एकाच माणसाची चूक हवी होती. काकांशी मात्र मी गोड वागत राहिले. त्यांच्याकडे जाताना चिवडा न्यायचा, बारीकसारीक शंका विचारायच्या. ते उत्साहाने समजावून सांगायचे. मी मान डोलवायची आणि त्यांचं कुठे चुकतं ते मनात टिपून ठेवायची. काकूंना मी आवडायला लागले होते. "तूच एक मनापासून विचारतेस गं," असं त्या म्हणायच्या.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की काका पक्षी पूर्ण बघत नाहीत. एक खूण दिसली की बाकीचं ते मनानेच भरतात. छातीवर ठिपका दिसला की झालं. माझ्या मुलीवर त्यांनी जो आरोप केला होता, तो अगदी त्यांनाच लागू होता.

दोन वर्षांनी जूनच्या शेवटी मी एकटीच पुन्हा उत्तरेला गेले. आदल्या उन्हाळ्यात तिथे वणवा लागला होता. जळलेल्या रानात असे सुतारपक्षी येतात, खोडांत अळ्या पडतात म्हणून. त्या रानात शांत उभं राहिलं की अळ्यांचं लाकूड कुरतडणं ऐकू येतं, बारीक करवत चालवल्यासारखं. चालताना पँटवर, हातांवर, नाकावर काळे फराटे उठतात. तीन बोटांचा मला दिसला नाही. दिसलं ते हेअरीचं घरटं, आणि त्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं. त्यांतल्या एकाला बघून मी तिथल्या तिथे खाली बसले.

हेअरीच्या पिल्लांना काही दिवस डोक्यावर रंगीत ठिपका असतो. बहुधा तांबडा, पण याचा पिवळा होता. आणि जळक्या खोडांवर घासून घासून त्याच्या पांढऱ्या कुशीवर काजळीच्या रेघा उठल्या होत्या. लांबून बघणाऱ्याला पिवळी टोपी दिसली असती, कुशीवर रेघाही दिसल्या असत्या. पाठ मात्र स्वच्छ पांढरी होती. आणि पायाला बोटं चार.

मी त्याचे साठ फोटो काढले. हात जरासुद्धा हलला नाही.

घरी येऊन ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, 'वणव्याच्या रानात पिवळ्या टोपीचं काहीतरी दिसलं. मला खात्री नाही. कुणी येणार का?' यातला एकच शब्द खोटा होता, खात्रीचा. दहा मिनिटांत काकांचा फोन. "शनिवारीच निघू. पिल्लं असतील तर फार दिवस थांबायची नाहीत."

आम्ही नऊ जण तीन गाड्यांतून गेलो. काकूही आल्या, ठेपले आणि थर्मास घेऊन. पहाटे पोचलो. मी त्यांना घरट्यापर्यंत नेलं आणि सगळ्यांत मागे उभी राहिले. पिल्लू कुठे उडून तर गेलं नसेल, म्हणून मी एकेक बुंधा नजरेने चाचपत होते. पाऊण तास काही नाही. मग ते आलं आणि एका काळ्या बुंध्यावर, आमच्याकडे कूस करून बसलं.

"तो बघा!" काका कुजबुजले, पण आवाज असा फुटला की सगळ्यांना ऐकू गेलं. "टोपी बघा, टोपी. आणि कुशीवरचे बार्स. थ्री-टोड, तीन बोटांचा! ज्युवेनाइल, पिल्लू! म्हणजे इथे ब्रीडिंग झालंय!"

कुणीतरी हळूच विचारलं, "काका, नक्की ना?"

"अरे, मी एवढी वर्षं काय गवत उपटतोय?"

सगळे हसले. त्या आठ माणसांपैकी एखाद्याने माझ्याकडे वळून विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. कुणी विचारलं नाही. काकांनी भराभर फोटो काढले. एका तरुण जोडप्याला त्यांनी ओळखण्याच्या खुणा एकेक करून समजावल्या, आणि दोघं त्या फोनमध्ये लिहून घेत होते. मी काकूंकडून चहा घेतला.

रानात फोनला रेंज नव्हती. खाली गावात आलो, एका साध्या हॉटेलात दोन टेबलं जोडून बसलो, तशी सगळ्यांची रेंज परत आली. काकांनी सगळ्यांत आधी आमच्या ग्रुपवर टाकलं, मग राज्यभरच्या पक्षीवाल्यांच्या ईमेल-यादीवर. 'जळलेल्या रानात प्रजननाचा पुरावा.' खाली स्वतःचं नाव. त्यांनी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. मी बर्गरचा एक घास खाल्ला, हात पुसले आणि आदल्या आठवड्यात मी काढलेले त्याच पिल्लाचे तीन फोटो ग्रुपवर टाकले.

टेबलावरचे फोन एकामागून एक वाजले.

"काका," मी म्हणाले, "पाठ बघा ना. पांढरी आहे, आडव्या रेघा नाहीत. कुशीवर काजळी आहे, हे दुसऱ्या फोटोत नीट दिसतं. आणि पाय झूम करा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"मोजा," मी म्हणाले. "तुम्ही तीन मोजली, कारण तुम्हाला तीन हवी होती."

ते तरुण जोडपं आपापल्या फोनकडे बघत बसलं. कुणीतरी नाकातून हसलं आणि लगेच खोकला काढला. काकांचे कान लाल झाले होते. फोन खाली ठेवून ते म्हणाले, "बरोबर आहे. हेअरीच आहे." मग त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरची काजळी नखाने खरवडत राहिले. त्यांनी काहीच खाल्लं नाही. मी माझा बर्गर संपवला, वर त्यांच्या बशीतले फ्राइजही खाल्ले. इतकं चवीने मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते.

एव्हाना राज्यभरच्या यादीवर उत्तरं यायला लागली होती. सगळी सभ्य भाषेतली, आणि म्हणूनच बोचरी.

घरी पोचल्यावर मी बूटही न काढता मुलीच्या खोलीत गेले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती आता पंधरा वर्षांची होती. मांडीवरचा लॅपटॉप बंद न करता तिने ऐकलं.

"तू हे माझ्यासाठी केलंस?"

"मग कुणासाठी? त्या दिवशी त्यांनी तुला सगळ्यांसमोर…"

"आई, आय डोन्ट केअर अबाउट हिम. तो काका काहीही बोलला असता. बट यू सेड ही वॉज राइट." ती शांतपणे बोलत होती, जणू हे तिच्यासाठी फार जुनं झालं होतं. "तूही बघितला होतास ना तो बर्ड? तुझ्या डोळ्यांनी. आणि तू म्हणालीस, असेल हेअरी."

मला वाटलं होतं ती खूश होईल. मी म्हणाले, "मोठ्या माणसांसमोर लगेच कसं…" आणि ते वाक्य तसंच सोडून दिलं. मी माफी मागितली. ती "इट्स ओके" म्हणाली. माझ्या बुटांची काजळी तिच्या कार्पेटवर उतरली होती. ती मी गुडघे टेकून ओल्या फडक्याने पुसली, पण डाग गेले नाहीत.

माझा राग यामुळे कमी झाला असेल असं वाटेल कुणाला. उलट वाढला. स्वतःवरचा रागही मी उचलून काकांच्याच अंगावर टाकला. त्यांच्यामुळे मी तसं बोलले, त्यांच्या त्या खुर्चीमुळे, त्या हसण्यामुळे.

पुढची बैठक दुसऱ्या कुणाच्या घरी झाली, काका आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. सप्टेंबरमध्ये काकूंचा फोन आला.

"ते हल्ली दुर्बिणीला हात लावत नाहीत गं. सकाळी नुसते खिडकीशी बसतात." मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुला आधीच माहीत होतं ना?"

"हो, काकू."

"मग तिथेच, रानातच का नाही सांगितलंस? त्यांनी सगळीकडे कळवायच्या आधी?"

"कळवून होऊ देत, म्हणूनच थांबले होते."

मग मी त्यांना वहीचं सांगितलं, जागा विचारायला आलेला फोन सांगितला, मोडक्या शेंड्याचं झाड सांगितलं.

"तो फोटो तुमच्या जागेवरचा होता?" काकूंचा आवाज एकदम उतरला. "तो आमच्या हॉलमध्ये लावलाय. फ्रेम करून. मी रोज पुसते." आणि त्यांनी फोन ठेवला.

चार दिवसांनी काकांचा ग्रुपवर मेसेज आला. शुद्ध मराठीत, नीट परिच्छेद पाडून. दोन वर्षांपूर्वीचा तीन बोटांचा सुतारपक्षी त्यांनी शोधलेला नव्हता. तो एका तेरा वर्षांच्या मुलीने शोधला होता, तिने काढलेलं चित्र बिनचूक होतं, आपण तिची थट्टा केली आणि नंतर तिच्याच आईकडून जागा विचारून तिथे गेलो. तिची आणि तिच्या आईची क्षमा मागतो, असा शेवट होता. खाली पुन्हा पंधरा जणांच्या टाळ्या. काकांच्या मोठेपणाच्या.

मी मेसेज मुलीला दाखवला. तिने वाचला. "नाइस," ती म्हणाली आणि फोन परत दिला. नवरा म्हणाला, "आता तरी झालं ना?" मी त्या मेसेजला उत्तर दिलं नाही, साधा अंगठाही नाही. दोन वर्षं मला खाली बघायला लावणाऱ्या माणसाने माफी मागावी आणि तीही अशी मागावी की पुन्हा तोच मोठा ठरावा, हे मला सहन झालं नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला, घाटात बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आधी, मी एकदा वर जाऊन आले. एकटीच. मुलीला विचारलं होतं. "मे बी नेक्स्ट इयर," असं ती म्हणाली, आणि ते निदान होमवर्कपेक्षा बरं होतं. लार्चची झाडं पिवळी झाली होती, ओढ्याच्या कडेला पातळ बर्फ धरलं होतं. मी वणव्याच्या रानात गेले नाही. वरच्या हिरव्या स्प्रूसमध्ये गेले. दुपारी एकच्या सुमारास माझ्या पायाशी सालीचा एक ढलपा पडला. मग आणखी एक.

तो वर बसला होता. नर. पिवळी टोपी, पाठीवर आडव्या रेघा, आणि सालीत रुतवलेली तीन बोटं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी कॅमेरा काढला नाही. अर्धा तास मान दुखेपर्यंत बघत राहिले, आणि तेवढा वेळ तरी मला काकांची आठवण आली नाही.

परत गाडीपाशी आले तर माझ्या गाडीमागे त्यांची गाडी. काकू पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. काका बाहेर उभे होते, गळ्यात दुर्बीण. तीन-चार महिन्यांत ते बारीक झाले होते.

"एकदा खरंच बघायचाय," ते म्हणाले. "फोटो न काढता. हिला म्हटलं, बर्फ पडायच्या आत जाऊन येऊ." त्यांनी दुर्बिणीचा पट्टा सरळ केला. "मेसेज वाचलास ना?"

"वाचला."

काकूंनी काच खाली करून थर्मासच्या झाकणातून चहा दिला. मी उभ्या उभ्या प्यायले. आलं जास्त होतं, घशाला बरं वाटलं. काकांनी रानाकडे मान केली. आवाज अगदी साधा होता. काय दिसलं हे इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच विचारत होते.

"दिसला का गं काही?"

इथून वीस मिनिटांवर, डाव्या हाताच्या चढावर, तो अजून त्याच झाडावर असणार होता. तासभर तरी हलला नसता.

"नाही, काका," मी म्हणाले. "आज काहीच नाही."

त्यांनी मान डोलवली, काठी घेतली आणि उजव्या हाताच्या, सोप्या वाटेने सावकाश निघाले. मी झाकण काकूंच्या हातात परत दिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जरा जास्तच वेळ. मग त्यांनी काच वर केली.

मी गाडी वळवली. पहिल्या वळणापर्यंत आरशात काकांची टोपी झाडांमधून दिसत होती. हॉर्न वाजवला असता तर ते थांबले असते. मी हीटर सुरू केला आणि उतार उतरायला लागले.